टकटकबाईची लेक

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. घरातल्या दुसऱ्या बाईला डेपोतून पहिली बस काढायची असे. ती उठली की हीही उठायची. एक डबे भरायची, दुसरी झोपलेल्या मुलीचे कपडे खुर्चीवर मांडून ठेवायची. मग बस चालवणारी निघून जायची आणि ही गरम पाण्यात टॉवेल पिळून दोन्ही गुडघ्यांवर ठेवून बसायची. फरशी बसवणाऱ्याचे गुडघे सकाळी लवकर वाकत नाहीत. त्यांची समजूत घालावी लागते. आमच्या धंद्याची अक्कल गुडघ्यात, असं लोक चेष्टेनं म्हणतात. दुखणंही तिथंच असतं, हे त्यांना माहीत नसतं.

मी तिच्या टोळीचा मिस्त्री होतो. चौघंजण होतो आम्ही, त्यात ती एकटी बाई. कामावर तिला सगळे टकटकबाई म्हणायचे. लादी बसवल्यावर ती ठोकून बघायची असते. खाली माल नीट भरला असेल तर आवाज घट्ट येतो, हवा राहिली असेल तर पोकळ येतो. पोकळ लादी आज दिसत नाही, पण वर्षभरात तडकते. आम्ही दर दोन-चार लाद्यांमागे एक ठोकायचो. ती प्रत्येक लादी ठोकायची. चारही कोपरे आणि मधोमध. ठोकताना मान डावीकडे कललेली, एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात.

टोळीत एक जण रोज उशिरा यायचा. त्याला आम्ही पाव्हणा म्हणायचो. तो तिला म्हणायचा, "अगं, किती ठोकशील? आतून कोणी दार उघडणार आहे का?"

"तू बसवलेली असेल तर उघडेलही," ती म्हणायची. "आत जागा असते."

मी उगाच कौतुक करणारा माणूस नाही. तिनं बसवलेली लादी मला कधी उचलावी लागली नाही, एवढंच लिहितो.

मूल कोणी पोटात वाढवायचं हे त्या दोघींनी एका दुपारी ठरवलं. बस चालवणारीला पगारी रजा मिळत होती. टकटकबाई रोजावर, काम केलं तर पैसे. शिवाय पोटुशी बाई सिमेंटची गोणी कशी उचलणार? वाद झाला नाही. दवाखान्यातून दात्याचं बीज घेतलं आणि योग्य वेळी मुलगी झाली. नाळ टकटकबाईनं कापली. दुसऱ्या दिवशी कामावर आली तेव्हा पाव्हण्यानं विचारलं, "हात थरथरला असेल ना?"

"सरळ कापली," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच कामावर सगळ्यांना चहा तिनं पाजला.

मुलगी पायांवर उभी राहिली तेव्हापासून एका जागी ठरली नाही, म्हणून भिंगरी. एकीला आई म्हणायची, दुसरीला माय. तिला त्यात काही अवघड वाटत नव्हतं. अवघड वाटायचं ते बाकीच्यांना.

पाळणाघरात टकटकबाई न्यायला गेली की दारातली बाई आत हाक मारायची, "भिंगरी, मावशी आल्या गं!" ही म्हणायची, "मावशी नाही, माय." दुसऱ्या दिवशी पुन्हा मावशी. एकदा लाद्यांच्या सांध्यांतलं ग्राउट घासायचं काम होतं. केसांत, भुवयांत पांढरी धूळ. त्या दिवशी नवीन बाई दारात होती. तिनं आत सांगितलं, "भिंगरी, तुझी आजी आली!" ते ऐकून पाव्हणा आठवडाभर हिला आजी म्हणत होता.

बागेत, दुकानात, रांगेत तोच प्रश्न. "किती गोड आहे! कोणावर गेलीय?" मुलीचे डोळे बस चालवणारीचे, घारे. ते बघून लोक पुढे विचारायचे, "मग खरी आई कोण?" बोलणं टकटकबाईला जमायचं नाही. मुलीचं बोट धरून ती पुढे चालू लागायची. रात्रीचा ताप बघणं, सकाळचं दूध, बुटांच्या नाड्या, वेणी, सगळं तिच्याकडे होतं, कारण बस चालवणारीची पाळी बदलायची आणि हिची नाही. वेणी सुरुवातीला वाकडी यायची. मग तिनं मुलीच्या डोक्यावर दोरी धरून भांग पाडायला सुरुवात केली. आम्ही लाद्यांची ओळ धरतो तशी. भांग सरळ यायला लागला.

हे सगळं चाललं असतं. पण एके दिवशी पाळणाघरातून फोन आला. भिंगरीला ताप चढला होता आणि झटका आला होता.

आम्ही जवळच काम करत होतो. ती तशीच धावली, मालानं भरलेल्या हातांनी. मुलीला छातीशी धरून दवाखान्यात शिरली. नर्सनं मुलीला घेतलं आणि आतल्या दारातून नेलं. ही मागोमाग निघाली तर काउंटरवरच्या माणसानं थांबवलं.

"आपण मुलीच्या कोण?"

"आई."

त्यानं समोरच्या संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. "आईचं नाव इथं वेगळं आहे."

"तीपण आई आहे."

"म्हणजे आपण मावशी?"

"नाही. मी तिची माय."

माणूस वाईट नव्हता. त्यानं पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाला, "बाई, मला समजतंय. पण कायद्यानं आपण तिच्या कोणी नाही. त्या दाराच्या आत मी सोडू शकत नाही. आईला बोलवा."

आई तेव्हा भरलेली बस चालवत होती, फोन बंद. डॉक्टर आपलं काम करत होते. उपचार थांबले नव्हते. ही फक्त आत जाऊ शकत नव्हती. बाकावर बसली. आतून मुलगी रडत होती. आई, आई करून नाही, माय, माय करून रडत होती.

त्या काउंटरपासून आतल्या दारापर्यंतची फरशी आम्हीच बसवली होती. नवी इमारत झाली तेव्हाचं आमच्या टोळीचं काम. ती पट्टी तर तिच्या एकटीच्या हातची. एकूण एक लादी ठोकलेली. बस चालवणारी गणवेशातच धावत आली तोवर ती त्या फरशीकडे बघत बसली होती. नंतर मला एवढंच म्हणाली, "मिस्त्री, एकही पोकळ नाही तिथं."

मुलगी बरी झाली. घरचं स्वास्थ्य मात्र गेलं. बस चालवणारी सरळ बोलणारी बाई. तिनं जेवताना सांगितलं, "उद्या माझी बस कुठं धडकली तर पोरगी माझ्या भावाकडे जाईल. त्याला तिचं वय माहीत नाही. तिला डाव्या कुशीवर झोप लागते हे माहीत नाही. आणि तू बाहेर बाकावर बसशील."

दोघी वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाई म्हणाल्या, "मार्ग आहे. दत्तक घ्यावं लागेल."

"कोणाला?" टकटकबाईनं विचारलं.

"तुमच्या मुलीला."

हे तिनं आम्हाला सांगितलं तेव्हा पाव्हण्यानं हातातली थापी खाली ठेवली. मग म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला वळसा." त्यात टोमणा नव्हता.

वळसा स्वस्त नव्हता. वकील, कोर्ट, सगळ्याला पैसे लागतात. तिनं सुट्टीच्या दिवसांची कामं धरली. लोकांच्या न्हाणीघरांची, छोटी, कटकटीची कामं. कोपरे जास्त, लाद्या कमी, पाठ पूर्ण वाकलेली. मोठ्या हॉलमध्ये माणूस लयीत काम करतो. न्हाणीघरात लय नसते. ज्यानं केलंय त्यालाच कळेल. बस चालवणारीची पाळी असेल त्या सुट्टीला भिंगरी बरोबर असायची. उपड्या बादलीवर बसून बघायची. माल कालवताना पाणी ओतण्याचं काम तिचं. "बस," म्हटलं की थांबायची. माझ्याकडच्या कित्येक मोठ्या माणसांना ते जमलं नाही.

दोन हिवाळे गेले. अर्ज आत गेला. मग निरोप आला की बालकल्याण खात्याच्या तपासणीस बाई घरी येऊन पाहणी करतील. घर कसं आहे, मूल कसं आहे, ही बाई त्याची कोण आहे. त्यांच्या मतावर कोर्ट ठरवणार. वेळ सकाळी दहाची.

आता त्या सकाळची हकिगत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

ठरल्या दिवशी ती चारलाच उठली. बस चालवणारीनं रजा घेतली होती, ती झोपलेली. घर आदल्या दिवशीच घासूनपुसून झालेलं. करायला काही नाही. चार वाजता उठणाऱ्या माणसाच्या हाताला काम नसेल तर हात काम शोधतो. तिनं घरमालकाची फरशी ठोकायला सुरुवात केली. उंबऱ्याच्या आतली पहिलीच लादी पोकळ वाजली.

इतकी वर्षं त्या घरात राहत होती, ती लादी पोकळ होती हे तिला ठाऊक असणारच. पण त्या दिवशी तिला ते सहन झालं नाही. तपासणीस बाईंचा पहिला पाय नेमका तिथं पडणार. तिनं लादी उचलली. एक उचलली की शेजारची सैल होते. तीही उचलली. उजाडलं तेव्हा मला फोन.

"मिस्त्री, चिकटवायचा माल घेऊन या. विचारू नका."

मी पोचलो तर अर्धी खोली उकरलेली. बस चालवणारी जिन्यात उभी होती, भिंगरी तिच्या कडेवर. "तुम्ही बोला हिच्याशी," ती मला म्हणाली. "माझ्या तोंडून आता चांगले शब्द निघणार नाहीत. रोज दुसऱ्यांच्या घरी फरशी करते, आणि हिला आपल्या घरी आजचाच मुहूर्त मिळाला!"

"दहापर्यंत होईल," आतून आवाज आला.

बोलण्यात वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. कामं उरकली की उरलेल्या चांगल्या लाद्या ती घरी आणायची; पलंगाखाली ढीग होता. एका रंगाच्या चार सापडणं मुश्कील. मी माल कालवला, ती बसवत गेली. घाईत काम असं कधी करू नये. पण बसवलेली प्रत्येक लादी तिनं ठोकली. मी घड्याळ दाखवलं तरी ठोकली.

शेवटची लादी बसली, आम्ही कंबर सरळ केली, आणि मग दोघांच्याही लक्षात आलं. फरशी नेहमी आतल्या भिंतीपासून सुरू करायची आणि दाराकडे यायचं. शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगतात. तिनं दारापासून सुरुवात केली होती, कारण पोकळ लादी दारात होती. आता आम्ही दोघं आत स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभे, दार पलीकडे, आणि मधे सगळी ओली फरशी.

"मिस्त्री," ती हळूच म्हणाली, "आपण अडकलो."

"आपण नाही," मी म्हणालो. "तू अडकलीस. मला तू अडकवलंस."

तेवढ्यात जिन्यात बुटांचा आवाज आला. दहा वाजले होते.

तपासणीस बाई मध्यम वयाच्या, हातात पिशवी, पायांत स्वच्छ काळे बूट. त्या दारात आल्या आणि पाऊल उचललं. भिंगरी आईच्या कडेवरून घसरून खाली उतरली आणि दोन्ही हात पसरून दारात उभी राहिली.

"पाय नाही ठेवायचा! ओलंय!"

बाईंचं पाऊल हवेतच राहिलं. त्यांनी ओल्या फरशीकडे पाहिलं. पलीकडे हातात थापी धरून उभ्या असलेल्या हिच्याकडे पाहिलं. माझ्याकडेही.

"हे कोण?"

"मिस्त्री," भिंगरीनं सांगितलं. "ते अडकलेत."

टकटकबाईची तर पाचावर धारण बसली होती. दोन हिवाळ्यांच्या सुट्ट्या घालवून ज्या माणसाची वाट पाहिली, तो माणूस दारात आणि हिला हात पुढे करून या म्हणायचीही सोय नाही. पुन्हा तेच. हिनंच बसवलेली फरशी, आणि तिच्यावरून पलीकडे जाता येत नाही.

तपासणीस बाई जिन्याच्या पायरीवर बसल्या. वही मांडीवर घेतली आणि तिथूनच मोठ्यानं प्रश्न विचारायला लागल्या. ही ओट्यापाशी उभी राहून उत्तरं देत होती. खालच्या मजल्यावरचं एक दार किलकिलं झालेलं मला ऐकू आलं.

"मुलीच्या तब्येतीबद्दल सांगा."

"दात हलतोय. खालचा, मधला. रोज बघायला लावते."

"तिला भीती कशाची वाटते?"

"हात सुकवायच्या मशीनची. बाहेर गेलो की मी रुमाल देते."

"राग आला की काय करते?"

"पलंगाखाली जाऊन लाद्या मोजते. मोजून झाल्या की बाहेर येते."

"आणि तुम्हाला राग आला की?"

बस चालवणारी पटकन म्हणाली, "तेव्हा फरशी उकरते. दिसतंय ना!"

तपासणीस बाई हसल्या की नाही ते मला तिथून दिसलं नाही. लिहीत होत्या. मग त्यांनी तो प्रश्न विचारला. "मुलगी तुमच्या पोटची नाही. तुम्ही तिच्या आई आहात, असं तुम्हाला का वाटतं?"

आता ही बोलेल असं मला वाटलं. बोलली नाही. बोलणं तिला कधीच जमलं नव्हतं, त्या दिवशी कुठून जमणार? नुसती थापी या हातातून त्या हातात घेत राहिली.

जिन्यात टक्‌ टक्‌ असा आवाज आला.

भिंगरीला मोठ्यांच्या बोलण्याचा कंटाळा आला होता. तिनं खिशातून लाकडी चमचा काढला आणि तपासणीस बाई बसल्या होत्या ती पायरी ठोकायला घेतली होती. एक कोपरा. दुसरा कोपरा. मान डावीकडे कललेली. एक डोळा मिटलेला. जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात. मधोमध ठोकलं, थांबली, पुन्हा ठोकलं.

"तुम्ही उठा," ती बाईंना म्हणाली. "ही पोकळ आहे. फुटेल."

बाई उठल्या. उठून त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं आणि मग ओल्या फरशीपलीकडे. पलीकडे हिनं तो आवाज ऐकला होता. पायरी पोकळ आहे का, हे ती तिथून कान देऊन ऐकत होती. मान डावीकडे, एक डोळा मिटलेला, जिभेचं टोक ओठांच्या कोपऱ्यात.

"कोणावर गेलीय ही?" तपासणीस बाईंनी विचारलं.

"डोळे माझे," बस चालवणारी म्हणाली. "बाकी सगळं त्या पलीकडचं."

बाईंनी वही मिटली. "घर आतून बघायला मला पुन्हा यावं लागेल," त्या म्हणाल्या. "फरशी किती दिवसांत सुकते?"

"उद्या या," टकटकबाई म्हणाली. "उद्या नाचा तिच्यावर."

त्या दुसऱ्या दिवशी आल्या. पहिला पाय उंबऱ्याच्या आतल्या लादीवर ठेवला. वाजली नाही.

कोर्टाचा निकाल लागला त्या दिवशी आम्ही पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोल्यांचं काम करत होतो. तिनं अर्ध्या दिवसाची सुट्टी घेतली होती. दुपारी परत आली, गुडघ्यांवर बसली आणि लादी उचलली. पाव्हणा अस्वस्थ होऊन माझ्याकडे बघत होता. तिनं लादी बसवली. मी बघितली. वाकडी. सांधा एका बाजूला रुंद, दुसऱ्या बाजूला बारीक. तिच्या हातून वाकडी लादी मी तोवर पाहिली नव्हती.

"मिळाली पोरगी?" मी विचारलं.

तिनं मान डोलावली. मग दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हात मालानं भरलेले होते, त्यामुळे चेहराही भरला. पाव्हण्यानं थापी हवेत फेकली आणि असा ओरडला की तलावावरचा रखवालदार कोणी बुडालं समजून धावत आला. "अहो, बुडालं नाही," पाव्हणा त्याला म्हणाला, "वर आलं!"

ती लादी काढायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. माझ्या हाताखाली वाकडी लादी राहिली असेल तर ती एवढीच. अजून आहे. कपडे बदलायच्या खोलीत, डावीकडच्या कोपऱ्यात.

पुढच्या उन्हाळ्यात भिंगरी झोपाळ्यावरून पडली आणि हात मोडला. आता ती शाळेत होती. शाळेनं फोन टकटकबाईला केला. मी गाडी काढली. ती शेजारी बसली. सगळे कागद डब्याच्या पिशवीत ठेवून फिरायची, ती पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. भांडायची तयारी केलेली दिसत होती.

शाळेतल्या बाई मुलीला घेऊन त्याच दवाखान्यात आधीच पोचल्या होत्या, मुलगी आत होती. काउंटरवर वेगळा माणूस होता, तरुण.

"आपण मुलीच्या कोण?"

"आई."

त्यानं पडद्यावर पाहिलं. मानही वर केली नाही. "इथं सही करा. आत डावीकडे."

तिनं सही केली. तिथंच उभी राहिली.

"एवढंच?"

"एवढंच," तो म्हणाला. "जा ना, मुलगी वाट बघतेय."

ती निघाली. काउंटरपासून आतल्या दारापर्यंत, मधोमध, चालत. कामाचे बूट होते, प्रत्येक पावलाला पांढरा ठसा उमटत होता. फरशी पुसणारी बाई ओरडली, "अहो, आत्ता पुसलंय मी!" हिनं वळून तिला हात जोडले आणि पुढे गेली. आतून आवाज आला, "माय! बघ, हाडसुद्धा वाजलं!"

परतताना मुलगी मागच्या सीटवर झोपली, गळ्यात प्लास्टरचा हात. मी म्हणालो, "एवढ्या सुट्ट्या गेल्या, एवढी न्हाणीघरं केलीस. गुडघे पार गेले तुझे. सगळे पैसे वकिलाच्या घशात."

ती खिडकीबाहेर बघत होती.

"वकिलाला कुठं दिले, मिस्त्री," ती म्हणाली. "आत्ता चालले ना मी, काउंटरपासून दारापर्यंत? तेवढ्याचे दिले."